डाव्या हाताने लिहिलेले प्रश्न

मित्रांनो, पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी टपालपेटी वाटते. मध्यंतरी पाहुणे म्हणून आलेले एक अधिकारी माझ्यात चक्क पत्र टाकून गेले आणि ते पोचले नाही म्हणून आठवडाभराने शाळेत फोन करत होते. तर आधीच सांगून टाकते. मी एक जुनी लाकडी प्रश्नपेटी आहे. सहा फळ्या, दोन बिजागऱ्या, एक कुलूप आणि वरच्या बाजूला बोटभर रुंदीची फट, एवढाच माझा पसारा. एका शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीलगतच्या टेबलावर मी राहते. वय झाले आहे, एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, पण माझे अगदी बरे चालले आहे.

माझा जन्म एका मोडक्या बाकापासून झाला. सुट्टीत शाळेचे बाक दुरुस्त करायला एक सुतारकाका आले होते. एक बाक इतका खिळखिळा झाला होता की त्यांनी त्याला हात लावताच तो बसला. मग त्याच्याच चांगल्या फळ्या निवडून त्यांनी मला घडवले. त्यातल्या एका फळीवर कुणीतरी कर्कटकाने 'गणित नको' असे कोरलेले होते. ती बाजू काकांनी आत घेतली. त्यामुळे ते दोन शब्द आजही माझ्या पोटात आहेत आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता नाही. गोष्टी पोटात ठेवायला मी अशी जन्मापासूनच शिकले.

तेव्हा मी तक्रारपेटी होते. शाळेत तक्रारपेटी असलीच पाहिजे, असा कुठूनतरी कागद आला होता. हेडसरांनी मला लगेच लावून घेतले, ते नेमके स्वतःच्या खोलीच्या दारासमोर, त्यांच्या खुर्चीतून सरळ दिसेन अशा जागी. आता सांगा, हेडसर बघत असताना हेडसरांविरुद्धची तक्रार कोण टाकणार? अकरा वर्षांत माझ्या पोटात गोळ्यांचे कागद पडले, एक दुधाचा दात पडला, आणि एकच तक्रार पडली. स्वच्छतागृहातला नळ गळतो, अशी ती तक्रार होती. ती हेडसरांनीच टाकली होती. कारकून पेटी उघडतो की नाही, हे त्यांना पाहायचे होते. कारकुनाने किल्ली केव्हाच हरवली होती, त्यामुळे ती तक्रार माझ्यातच राहिली आणि नळ गळत राहिला.

पुढे भिंतीला रंग द्यायचा म्हणून मला काढले आणि प्रयोगशाळेच्या मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. रंग वाळला, पण मला कुणी परत नेले नाही. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. माझ्या एका बाजूला फुटक्या परीक्षानळ्यांचे खोके होते आणि दुसऱ्या बाजूला मानवी शरीराचा प्लॅस्टिकचा पुतळा. त्या पुतळ्याचे हृदय, फुप्फुसे, आतडी सगळे सुटे करून दाखवता येत असे. पोटाखालचा भाग मात्र कुणीतरी जाड कागदात गुंडाळून वरून दोरी बांधून ठेवला होता. ती दोरी कित्येक वर्षे कुणी सोडली नाही.

अडगळीत दुसरा उद्योग नव्हता, म्हणून मी दारापलीकडे चाललेला वर्ग ऐकत असे. विज्ञानाचे जुने सर फार सुरेख शिकवत. पण चौदावा धडा संपला की दर वर्षी नेमकी त्याच आठवड्यात त्यांना सर्दी होई. मग ते खोकत खोकत म्हणत, "पंधरावा धडा सोपा आहे, घरी वाचा," आणि सोळाव्याला सुरुवात करत. पंधरावा धडा कसला होता, ते तुम्ही ओळखले असेलच. माणसाचे मूल कसे जन्माला येते, वयात येताना शरीर कसे बदलते, हे सांगणाऱ्या धड्याचे हे नशीब. शाळेच्या वाचनालयातले ते पुस्तक टेबलावर ठेवले तर आपोआप पंधराव्या धड्याशीच उघडत असे, म्हणजे घरी वाचणारे पुष्कळ होते. समजावणारे कुणी नव्हते.

जुने सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बाई आल्या. बाई तरुण होत्या, चटचट बोलणाऱ्या होत्या. मला वाटले, आता पंधराव्या धड्याचे भाग्य उजळणार. पण पहिल्या वर्षी त्याही म्हणाल्या, "हा घरी वाचा." त्यांना सर्दीसुद्धा झाली नव्हती.

त्या वर्षी तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसत असे. सूक्ष्मदर्शकात दिसते त्याची आकृती तिच्याइतकी सुबक कुणी काढत नसे. परीक्षेला दोन महिने राहिले असताना ती शाळेत यायची थांबली. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली, सगळ्यांनी मान हलवली आणि पटावरून तिचे नाव कमी झाले. वर्षभराने एका संध्याकाळी बाई अडगळीच्या खोलीत आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. सोबत प्रयोगशाळेच्या मावशी होत्या. त्यांना बाई म्हणाल्या, "मावशी, आज बसथांब्यावर ती भेटली. कडेवर बाळ होतं. मला म्हणाली, बाई, मला खरंच माहीत नव्हतं हो. मी तिला चौदावा शिकवला, सोळावा शिकवला. मधला मीच गाळला."

बाईंनी डोळे पुसले, त्या उठल्या, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. मावशींनी माझे गंजलेले कुलूप हातोडीने उडवले, मला ओल्या फडक्याने पुसले. हेडसरांची ती नळाची तक्रार बाहेर निघाली, तिच्यावर दोघी हसल्या. नवे कुलूप आले. 'तक्रार' या शब्दावर कागद चिकटवून बाईंनी त्यावर 'प्रश्न' असे लिहिले. पुतळ्याची दोरीही त्यांनी त्याच दिवशी सोडली.

दहावीच्या वर्गात त्या पंधरावा धडा शिकवू लागल्या. पण नुसता धडा शिकवून भागणार नाही, हे त्यांना पहिल्याच तासाला कळले. "काही शंका?" असे विचारले की एकेचाळीस मुले एकेचाळीस दिशांना बघत. ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे, अशी त्यांची गत. म्हणून बाईंनी माझ्यासाठी काही नियम केले. दर सोमवारी प्रत्येकाला एकाच मापाची चिठ्ठी आणि पेन्सिल मिळे. नेहमीच्या हाताने लिहायचे नाही. उजव्याने लिहिणाऱ्यांनी डाव्या हाताने लिहायचे आणि डावऱ्यांनी उजव्या. म्हणजे कुणाचे अक्षर ओळखू येणार नाही. ज्याला प्रश्न नसेल त्यानेही 'मला आज प्रश्न नाही' हे सबंध वाक्य लिहून चिठ्ठी टाकायची, म्हणजे सगळ्यांची पेन्सिल सारखीच हलताना दिसेल. बुधवारी शाळा सुटल्यावर बाई मला एकट्याने उघडत आणि गुरुवारी वर्गात उत्तरे देत. किल्ली त्यांच्याकडे राही आणि त्यांच्याशिवाय कुणी पेटी उघडणार नाही, असा त्यांनी मुलांना शब्द दिला होता.

पहिल्या सोमवारी एकोणचाळीस मुलांना प्रश्न नव्हता. दुसऱ्या सोमवारी वीस जणांना होता. मग मात्र मला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. किती तऱ्हेचे प्रश्न! 'आवाज फुटतो तेव्हा दुखतं का?' 'माझी पाळी अजून आली नाही, मी आजारी आहे का?' 'पडद्यावर दोन फुलं हलतात आणि एकदम बाळ रडतं. मधलं काय?' या मधल्यावर वर्ग पाच मिनिटे हसला आणि मग बाईंनी मधले सगळे सांगितले, तेव्हा कुणी हसले नाही. एकाने विचारले होते, 'एकदाच झालं तर काही होत नाही, असं मित्र म्हणतो, खरं का?' बाई म्हणाल्या, "मित्राला सांग, एकदाही पुरतं." दुसऱ्या चिठ्ठीत होते, 'नाही म्हटलं तर तो रागावेल.' बाई म्हणाल्या, "रागावू दे. राग उतरतो. तू नाही म्हणालीस की ते नाहीच. मुलांनो, हे तुम्हालाही लागू आहे."

मग त्यांनी तेही सांगितले जे पुस्तकात दीड ओळीत उरकले होते. या वयात घाई न करणे ही सगळ्यात मोठी सुरक्षितता आहे, हे सांगितले. आणि पुढे आयुष्यात वेळ येईल तेव्हा कंडोम कशासाठी असतो, त्याने नको असलेली गर्भधारणा आणि आजार कसे टळतात, गोळ्या कुणी कुणाला विचारून घ्यायच्या, काही चुकले तर लपून न बसता कुठे जायचे, हेही सांगितले. आवाज तोच, जो त्या पचनसंस्था शिकवताना वापरत. मुले वहीत लिहून घेत होती.

आता तुम्हाला एक गंमत सांगते. अक्षर कुणाचे ते बाईंना कळत नसे, पण मला हात ओळखू येत. फटीतून चिठ्ठी सरकवताना प्रत्येकाची बोटे मला लागत. कुणाची घामेजलेली, कुणाची खडूची, कुणी चिठ्ठी अशी ढकलत असे की जणू मी चावणार आहे. त्यात एका मुलीच्या नखांत कायम रंग असे, कधी हिरवा, कधी तांबडा. तिला घरी आणि शाळेतही सगळे छोटी म्हणत. तिचे वडील पेंटर होते. शाळेच्या रस्त्यावरच्या झाडून साऱ्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. सुट्टीच्या दिवशी छोटी त्यांच्याबरोबर जाई. शिडीवर उभे राहिले की एका हाताने शिडी धरावी लागते आणि कुंचल्याचा हात पाटीच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचत नाही, मग हात बदलून कुंचला दुसऱ्या हातात घ्यावा लागतो. म्हणून पेंटरांनी तिला लहानपणापासून दोन्ही हातांनी अक्षर काढायला शिकवले होते.

त्यातून झाले असे, की एकेचाळीस चिठ्ठ्यांपैकी चाळीसांवर कोंबडीचे पाय नाचलेले असत आणि एकीवर दुकानाच्या पाटीला शोभावे असे गोल, ठसठशीत अक्षर असे. इतरांची डावी अक्षरे छोटीने कधी पाहिलीच नव्हती. आपलेही तसेच ओळखू न येणारे असेल, असे ती धरून चालली होती. बाईंनी ते अक्षर पाहून एकदा भुवई उंचावली होती. पण त्या नियमाला पक्क्या. कुणाचे, हे त्यांनी शोधले नाही.

बरेच सोमवार छोटी 'मला आज प्रश्न नाही' असेच लिहीत होती. मग एका सोमवारी तिची पेन्सिल बराच वेळ चालली. चिठ्ठी पडली आणि मी ती वाचली. पोटात आलेले वाचण्याचा मला अधिकार आहे. तिच्यात लिहिले होते:

'माझ्या ताईचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. तिला अजून दोन वर्षं शिकायचं आहे, म्हणून एवढ्यात मूल नको आहे. पण काय करायचं ते तिला माहीत नाही. आईला विचारलं तर आई रडायला लागली. बाबांना विचारायची हिंमत नाही. बाई, तुम्ही सांगाल का? मी तिला घरी जाऊन सांगीन.'

मी मनात म्हटले, थांब ग पोरी, परवा बाई उघडतील आणि गुरुवारी उत्तर मिळेल. पण तसे व्हायचे नव्हते.

मंगळवारी एका मुलाची आई गणिताची वही शोधत होती. तिच्या हाती विज्ञानाची वही लागली आणि तिने ती उघडली. त्यात 'कंडोम' हा शब्द ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेला होता. तिचे डोळे पांढरे झाले. तिने शेजारणीला सांगितले, शेजारणीने आपल्या जावेला. दुपारपर्यंत बाई मुलांना पाकिटे वाटतात असे झाले आणि संध्याकाळी बाई वर्गात सिनेमा दाखवतात इथपर्यंत मजल गेली. राईचा पर्वत व्हायला एक दिवस पुरला. बुधवारी दुपारी प्रयोगशाळेत पालकांची सभा बसली.

तेवीस पालक आले. मोठी माणसे मुलांच्या उंच स्टुलांवर अवघडून बसली. हेडसर आले. मघाच्या तक्रारीवाले नव्हेत, त्यांच्यानंतरचे. हे भले गृहस्थ होते, पण इकडे आड तिकडे विहीर अशी वेळ आली की जागच्या जागी उभे राहत. पालक समितीचे अध्यक्ष मधल्या टेबलाशी उभे राहिले. ते होते आपले पेंटर.

पेंटर वाईट माणूस नव्हते, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. आवाज मोठा आणि मन मोकळे. दोन्ही मुलींवर त्यांचा जीव होता आणि म्हणूनच ते घाबरले होते.

"बाई, तुमचा हेतू चांगला असेल," ते म्हणाले, "पण काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरांच्या डोक्यात जे नाही ते आपण होऊन कशाला घालायचं? वय झालं की आपोआप कळतं. आम्हाला कुणी शिकवलं होतं?"

"मुलांच्या डोक्यात ते आधीच आहे, काका," बाई म्हणाल्या. "मोबाइलवरनं आलंय, मित्रांकडनं आलंय. निम्मं चुकीचं आहे. मी नवीन काही घालत नाही, चुकीचं काढून बरोबर ठेवतेय."

"पण सुरक्षित कसं राहायचं ते शिकवलं म्हणजे परवानगीच दिली की! पुढे जा, काळजी नको, असंच झालं ना?"

"प्रयोगशाळेत दंगा नको म्हणून सांगतेच मी. पण दंगा नको एवढं सांगून प्रयोगशाळेत अ‍ॅसिडच्या बाटलीवर नाव लिहायचं सोडत नाही आपण."

"दोघांचंही बरोबर आहे," हेडसर म्हणाले. त्यावर दोन्ही बाजूंचे पालक एकदमच बोलू लागले. एक आई म्हणाली, शिकवा, पण मुलगे-मुली वेगळे बसवा. एक वडील म्हणाले, हे घरी सांगायचे असते. "मग सांगितलं का तुम्ही?" असे कुणीतरी मागून विचारले.

तेवढ्यात पेंटरांची नजर माझ्यावर गेली. "ती पेटी उघडा," ते म्हणाले. "पोरं कसले प्रश्न विचारतात ते कळू दे. कोण विचारतं तेही कळू दे. आपापल्या पोराचं अक्षर आईबापाला ओळखू येणारच."

मित्रांनो, माझ्या सगळ्या फळ्या थंड पडल्या. ती चिठ्ठी माझ्यातच होती. आणि जो माणूस ती काढणार होता, त्यानेच ते अक्षर घडवले होते. खिडकीबाहेर नळावर छोटी बाटली भरत होती. तिने वडिलांचे बोलणे ऐकले. बाटली भरून पाणी वाहू लागले तरी तिने नळ बंद केला नाही.

"मी मुलांना शब्द दिलाय," बाई म्हणाल्या. "माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही."

"बाई, किल्ली द्या," हेडसर हळूच म्हणाले. "उगाच वाढवू नका. नाही दिली तर हा तासच बंद करावा लागेल मला."

बाईंनी किल्ली मुठीत धरली. मग त्या म्हणाल्या, "देते. पण पेटीचे नियम सगळ्यांना सारखे. आत हात घालायचा तर आधी तुम्हीही चिठ्ठी टाकायची. डाव्या हाताने. प्रश्न नसेल तर प्रश्न नाही असं लिहा."

पालक कुरकुरले, हसले, आणि हसता हसता पेन्सिली उचलल्या. काय ती त्यांची तारांबळ! एका दांडग्या ट्रकचालकाच्या पेन्सिलीचे टोक दोनदा मोडले. एका आईने हाताने आडोसा केला, परीक्षेत करतात तसा. मला बोटे लागत होती, जाडी, राठ, साबणाने भेगाळलेली, आणि खरे सांगते, काहींची मुलांपेक्षा जास्त घामेजलेली होती. पेंटरांनी मात्र लिहिले नाही. "मी वाचणार आहे, मी कशाला लिहू?" असे ते म्हणाले. बाईंनी मला उचलून दोन्ही हातांनी चांगले हलवले. लहान आणि मोठे प्रश्न माझ्यात एक झाले. मग कुलूप उघडले.

पेंटरांनी पहिली चिठ्ठी काढली आणि खणखणीत आवाजात वाचली. "मला आज प्रश्न नाही." दुसरी तीच. तिसरी: "मुरूम आले म्हणजे मनात वाईट विचार आहेत असं आजी म्हणते. खरं आहे का?" कुणीतरी हसले. चौथी: "मुलाने विचारलं तर कुठल्या शब्दात सांगायचं? घरी त्यासाठी शब्दच नाहीत." ही कुणाची, मुलाची की मोठ्याची, ते उघड होते. कुणी हसले नाही. पाचवी: "लग्नाला सतरा वर्षं झाली. नको म्हणायचा हक्क बायकोला असतो का?" पेंटरांचा आवाज जरा उतरला. सहावी: "मला तीन मुलं आहेत, पण मला आजवर कुणी नीट काही सांगितलं नाही. वर्गात मागे बसलं तर चालेल का?" ट्रकचालक आपल्या बुटांकडे पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

अशा दहाबारा झाल्या. कुठली चिठ्ठी पोराची आणि कुठली बापाची, हे पुष्कळदा कळतच नव्हते. सगळ्यांचे अक्षर तेवढेच वाकडे आणि सगळ्यांची भीती तीच. मग पेंटरांनी पुन्हा हात घातला आणि त्यांच्या बोटांत ती आली.

त्यांनी तोंड उघडले. मिटले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांची नजर सावकाश गेली आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आली. मला त्यांचा हात लागलेला होता. तो शिडीवर तासन्‌तास न हलणारा हात होता, आणि आता तो माझ्या झाकणाची कड घट्ट धरून होता.

"काय लिहिलंय?" शेजारी बसलेली एक आई मान वाकवून विचारू लागली. "वाचा की मोठ्यानं!"

पेंटरांनी चिठ्ठी मुठीत घेतली. खिडकीबाहेर पाहिले. छोटी तिथेच उभी होती, बाटली छातीशी धरून, पांढरीफटक.

"अक्षर लागत नाही," पेंटर म्हणाले.

जन्मभर अक्षरांवर पोट भरलेला माणूस, आणि त्या अख्ख्या ढिगातले सगळ्यात सुंदर अक्षर. ते त्याला लागत नव्हते. ती चिठ्ठी त्यांनी वरच्या खिशात ठेवली, पेटीचे झाकण स्वतःच्या हाताने लावले आणि किल्ली बाईंसमोर ठेवली.

"बाकीच्या तुम्हीच वाचा, तुमच्या वेळेला," ते म्हणाले. "हे आपलं काम नाही. माझं मत विचाराल तर तास चालू राहू दे. फक्त काय शिकवणार ते आम्हाला आठवडाभर आधी कळवा, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागणार नाही."

हेडसरांना हायसे वाटले. हात वर करायला सांगितले तेव्हा सोळा हात वर झाले. सगळेच पटले असे नाही. दोन पालकांनी आपल्या मुलांना त्या तासाला बसवणार नाही असे लिहून दिले. बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आधी, पेंटर एकटेच प्रयोगशाळेत आले. बाई परीक्षानळ्या पुसत होत्या. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी ती टेबलावर, माझ्या शेजारी ठेवली.

"काल ही राहिली होती. लागत नाही म्हणालो होतो," ते म्हणाले. "लागली."

बाईंनी ती वाचली. मग त्या अक्षराकडे पाहिले, पेंटरांच्या बोटांवरच्या रंगाकडे पाहिले, आणि सगळे त्यांच्या ध्यानात आले.

"छोटीला रागावलात?"

"नाही. तिला माहीतच नाही मला कळलंय ते. म्हणजे, असेल माहीत. दोघंही काही बोललो नाही. रात्री जेवताना तिनं मला पाणी दिलं, मी घेतलं." त्यांनी चिठ्ठीकडे बोट दाखवले. "मोठीला काय सांगायचं? तुम्ही लिहून द्याल का? मी नेऊन देतो."

"लिहून कशाला, काका? आरोग्यकेंद्रात डॉक्टरबाई असतात, त्या दोघांनाही नीट समजावतील, मोठीला आणि होणाऱ्या जावयांनाही. तुम्ही फक्त घेऊन या."

"मी बाहेर बसलो तर चालेल ना?"

"चालेल की."

पेंटर निघाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "बाई, तिच्या आईलाही आणतो," ते म्हणाले. "ती रडली, कारण तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही सांगितलं. मला तरी कुठे माहीत होतं."

पुढचे मी ऐकलेले सांगते. लग्न ठरल्या दिवशी झाले. ताईचे शिक्षण चालू आहे, आणि छोटीच्या नखांतला रंग सोमवारी मला अजून लागतो. महिन्यातून एका शनिवारी दुपारी पालकही येतात, स्टुलांवर अवघडून बसतात आणि डाव्या हाताने लिहितात. मागच्या बाकावर ट्रकचालक असतो. मला आता रिकामे बसायला वेळ नाही आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखी एखादी पेटी असेल. नसेल, तर एखादी आई असेल, एखादे सर असतील, एखादी मैत्रीण असेल, जिच्यापाशी कुणीतरी भीतभीत प्रश्न घेऊन येईल. कधी तुमच्यापाशीही येईल. तेव्हा त्याला हसू नका. कोणी विचारले हे शोधत बसू नका. आणि चुकून अक्षर ओळखू आलेच, तर आधी उत्तर द्या. ओळख नंतरही दाखवता येते, पण उत्तराला उशीर झाला तर ते कुणाच्या उपयोगाचे राहत नाही.